प्रश्न १४ चा अर्धा गुण

देशपांडे बी-३०४: नमस्कार. काल क्विझमध्ये प्रश्न १४ ला आमचं उत्तर चूक धरलं. 'एसजी वॉनाबीचे तीन गायक कोण?' (तो कोरियन गायकगट.) आम्ही लिहिलं छे दोंग-हा, किम योंग-जुन, किम जिन-हो. २००४ च्या जानेवारीत पदार्पण याच तिघांचं. खुलासा व्हावा 🙏

सानिका ए-१०१: काका, प्रश्न 'सध्याचे' असा होता. २००८ मध्ये दोंग-हा बाहेर पडला, ली सोक-हून आला.

देशपांडे बी-३०४: पेपरचा फोटो टाकतोय. 'सध्याचे' दाखवा.

सानिका ए-१०१: माईकवर सांगितलं होतं.

देशपांडे बी-३०४: माईक तेव्हा बंद होता!

खरे सी-२०२: गणपतीत कोरिया कशाला म्हणतो मी.

माधवी बी-१०३: गेल्या वर्षी नाट्यसंगीताच्या फेरीत स्वतःच्याच विंगला तीन गुण दिलेत, तेव्हा बरं चाललं.

खरे सी-२०२: विषयांतर नको.

रोहन सी-४०१: मी एमएसजी वॉनाबी लिहिलं. शून्य??

सानिका ए-१०१: ते आठ जणांचं वेगळं प्रकरण रे. २०२१ मध्ये कोरियन सूत्रसंचालक यू जे-सोकच्या टीव्ही शोमधून निघालेलं. एप्रिलमध्ये अस्सल एसजी वॉनाबी त्या शोमध्ये गायले आणि 'टाइमलेस' (२००४), 'ललला' (२००८) पुन्हा चार्टवर चढली.

जोशी काकू ए-२०४: एमएसजी म्हणजे अजिनोमोटो ना गं?

रोहन सी-४०१: हो काकू, म्हणूनच जुन्या गाण्यांना चव आली 😄

देशपांडे बी-३०४: प्रश्न १४. 'सध्याचे' दाखवा.

माधवी बी-१०३: 'टाइमलेस'च्या व्हिडिओत तर गायक नाहीतच, सोल क्यंग-गू, किम युन-जिन हे नट आहेत. ऐकताना मात्र साल बघा. 'आरिरांग' २००७ चं, चौथ्या अल्बममधलं, तिथे दोंग-हा. 'ललला' एप्रिल २००८ चं, पाचव्या अल्बममधलं, तिथे सोक-हून. दोंग-हा मे २०११ मध्ये वारला. त्यामुळे २०१५ च्या पुनरागमनाला 'मूळ तिघं परत' असं कोणी लिहिलं असेल तर ते चूक.

खरे सी-२०२: नाव तरी काय, वॉनाबी! एसजी कोण?

माधवी बी-१०३: सायमन आणि गारफंकल, अमेरिकन गायकजोडी.

खरे सी-२०२: ते दोघेच होते ना? गाणं रडकं आहे, हे मात्र सांगतो.

माधवी बी-१०३: कोरियातही हेच म्हणतात. त्या गळ्याला 'सो-मोरी' नाव पडलंय, म्हणजे गुरं हाकणं. 😂

सानिका ए-१०१: विसर्जनाला 'टाइमलेस' गाणार आहोत. तालीम नीट होईना, कोणी सांगेल का?

माधवी बी-१०३: तिघं एकदम कंप देता, तिथेच घोळ होतो. कंप फक्त मुख्य सुराला. बाकीच्या दोघांनी सूर सपाट धरायचा, आवाज निम्मा. आणि मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरणं, घेऊ नका. एक जण गांधाराकडे ('ग'कडे) घसरत असतो, तोवर दुसरा पोचलेला असतो, मग दोन्ही सूर एकमेकांना चिकटतात. आधी शब्दांशिवाय 'ऊ'वर चार ओळी, मग शब्द. कडव्याच्या शेवटी श्वास एकदम तोडा, नाहीतर शेपूट लोंबते.

खरे सी-२०२: तानपुरा ॲप लावून सराव करा.

माधवी बी-१०३: अजिबात नको. तानपुऱ्यातून ऐकू येणारा गांधार कराओकेच्या गांधारापेक्षा किंचित उतरलेला असतो, साधारण १४ सेंट (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट). घरी छान जुळतं, ट्रॅकवर बेसूर होतं.

खरे सी-२०२: म्हणजे आमचा गांधार चुकीचा?

माधवी बी-१०३: तुमचा बरोबर. ट्रॅकचा चढा. पण विसर्जनाला ट्रॅकच वाजणार.

सेक्रेटरी: टँकर आलाय. गेटसमोरची पांढरी गाडी काढा. आणि ग्रुपवर गाणी नकोत.

देशपांडे बी-३०४: प्रश्न १४!!

सानिका ए-१०१: काका, अर्धा गुण देते. पण मग बी आणि सी विंग दुसऱ्या नंबरावर बरोबरीत येतात, आणि डब्यांचा सेट एकच आहे.

खरे सी-२०२: डबे त्यांना द्या. झाकणं आमच्याकडे.