मदत हवी आहे: अमॅरिलिसला पुन्हा फूल येत नाहीये

कर्वेनगर_गॅलरी
नमस्कार मंडळी. माझ्याकडे अमॅरिलिस लिलीचे कंद आहेत, दोन लाल आणि एक गुलाबी-पांढरा. आणले त्या वर्षी एकेका दांड्यावर चार-चार फुलं आली होती, येणारा-जाणारा थांबून बघायचा. त्यानंतर नुसती पानं. खत घालते, पाणी घालते, कीड नाही. एप्रिल अर्धा संपला, खालच्या काकूंकडे फुलं डोलताहेत. नेटवर सगळं थंड देशातलं आहे, बर्फ पडायच्या आत कुंड्या घरात घ्या वगैरे. पुण्यात करता येईल असं काय ते सांगा. यंदा फूल हवंच आहे.

फुलवेडी
फोटो टाका. कुंडी किती इंची? ऊन किती तास? कंद मातीच्या वर किती आहे? खत कोणतं? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सांगायचं कशावरून?

सिंहगडरोडकर
फ्रिज हा एकच उपाय. ऑक्टोबरअखेर कंद काढायचे, मुळं न तोडता माती झाडायची, पानं वाळू द्यायची, मग वर्तमानपत्रात गुंडाळून भाजीच्या कप्प्यात सहा ते आठ आठवडे. नंतर लावले की महिना-दीड महिन्यात दांडा वर. माझे दरवर्षी फुलतात.

जुना_माळी
फ्रिजात फळं असतील तर चुकूनही नको. सफरचंद, केळी पिकताना इथिलीन वायू सोडतात आणि त्याने कंदातली कळी आतल्या आत मरते. मुळात पुण्यात फ्रिजची गरजच नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो, कंदाला तेवढी थंडी पुरते. कुंडीचं पाणी बंद करा आणि गॅलरीच्या कोपऱ्यात पडू द्या.

सिंहगडरोडकर
माळीकाका, फळं वेगळी ठेवतो मी. आणि गॅलरीतली थंडी दरवर्षी सारखी पडते का? एखाद्या वर्षी जानेवारीतही पंखा लागतो. फ्रिजात निदान खात्री असते.

देवरुखकर
थंडीही नको आणि विश्रांतीही नको. आमच्या गावच्या घरी कुंपणाकडेला आजीने लावलेली लाल लिली आहे. कोणी उपटत नाही, कोणी खत घालत नाही, कोकणात थंडी ती किती? तरी मे महिन्यात सगळी कड लाल होते. शहरातले लोक झाडाला उगाच छळतात.

जुना_माळी
देवरुखकर, तुमच्या कुंपणाला पावसाळ्यानंतर पाणी कोण घालतं? कोणीच नाही ना? म्हणजे ऑक्टोबरपासून जमीन आपोआप कोरडी होत जाते. विश्रांती म्हणतात ती हीच. कुंडीत मात्र आपण बाराही महिने झारी घेऊन उभे असतो.

मनीमाऊ
घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर जपा. या कंदात लायकोरिन नावाचं विषारी द्रव्य असतं, प्राण्याने चावला तर उलट्या होतात. उपटलेले कंद खाली पसरून ठेवू नका. कांदे समजून भाजीच्या टोपलीत तर नकोच नको.

कर्वेनगर_गॅलरी
मांजर नाहीये. माझ्या प्रश्नाकडे वळूया का? कुंडी बारा इंची, तिन्ही कंद एकत्र. कंद अर्धे वर आहेत. खत म्हणजे सोसायटीतले माळीदादा देतात ते पांढरं दाणेदार. गॅलरी पूर्वेची, त्यामुळे सकाळचं ऊन असतंच.

फुलवेडी
पांढरं दाणेदार म्हणजे युरिया दिसतोय. त्याने पानं वाढणार, फूल नाही. आता पानांचं सांगा. ताठ, रुंद आहेत की लांबलचक होऊन लोळताहेत?

कर्वेनगर_गॅलरी
लोळताहेत. दोन फुटांच्या वर आहेत, काठीला बांधून ठेवावी लागतात. एकेका कंदाला तीनच पानं.

फुलवेडी
मग गॅलरीला ऊन नाहीये. समोर काय आहे?

कर्वेनगर_गॅलरी
समोरची तीन मजली इमारत रिडेव्हलपमेंटला गेली, आता तिथे बारा मजली उभी आहे. ऊन येतं, पण आता जेमतेम तासभर.

औंधची_आई
अगदी आमच्याकडचीच गोष्ट. समोर टॉवर झाला आणि गॅलरीतला मोगरा फुलायचा थांबला. आपल्या वाट्याचं ऊन गेलं याबद्दल कुणी विचारतही नाही. उन्हावर कायद्याने हक्क सांगता येतो का, कुणाला माहीत आहे का?

फुलवेडी
औंधची_आई, त्यावर वेगळा धागा काढा, मीही लिहीन, महत्त्वाचा विषय आहे.

कर्वेनगर ताई, तुमचं उत्तर त्या इमारतीत आहे. माझा एक कुजका कंद मी सुरीने उभा चिरून पाहिला होता. आत कांद्यासारखे पापुद्रे, आणि त्यांच्या मध्ये चपटी, पांढुरकी, नखाएवढी कळी दडलेली. अमॅरिलिसचं फूल असं वर्षभर आधी कंदात तयार होतं. साधारण चार पानं झाली की एक कळी धरते. पहिल्या वर्षी तुमच्याकडे जे फुललं ते कंद वाढवणाऱ्याच्या शेतात तयार झालं होतं. तुमच्या गॅलरीत तीन लोळती पानं निघाली, त्यांनी कंद पोसलाच नाही, मग कळी कुठून धरणार? फ्रिज काय नि थंडी काय, आत कळी असेल तर ती बाहेर येते. नसेल तर रिकामाच कंद थंड होतो.

कंदाच्या पोटाला दोरा गुंडाळून मोजा. घेर २० सेंमीच्या आसपास किंवा जास्त असेल तर फुलण्याजोगा आहे. कमी असेल तर आधी तो वाढवायचा.

सिंहगडरोडकर
घेराचं बरोबर आहे. माझेही बारके कंद फ्रिजात ठेवून फुलत नाहीत, फक्त मोठे फुलतात. पण मोठे झाल्यावर फ्रिज, यावर मी ठाम आहे.

बी_पेरणारा
फूल आलं की पराग दुसऱ्या फुलावर लावून बी धरा! काळं, कागदासारखं पातळ बी मिळतं, पाण्यावर तरंगत ठेवलं तरी रुजतं. बीपासून फूल यायला तीन वर्षं किंवा जास्त लागतात, पण दर रोपाचा रंग वेगळा. माझ्याकडे आत्ता ट्रे भरून रोपं आहेत.

कर्वेनगर_गॅलरी
बी नको हो, आधी फूल! दोरा लावला. गुलाबी-पांढरा २२ सेंमी, लाल दोन्ही १७-१८. यंदा फूल येणार नाही हे कळलं, वाईट वाटलं. पुढच्या वर्षी हवं असेल तर आजपासून काय करू ते ओळीने सांगा. गच्चीवर कुंडी ठेवायची परवानगी मिळेल.

जुना_माळी
गच्ची मिळाली म्हणजे अर्धं काम झालं. एकदम उन्हात ठेवू नका, एप्रिलच्या उन्हात सावलीतली पानं करपतील. आठवडाभर हिरव्या जाळीखाली, मग सकाळचं चार-पाच तास ऊन. युरिया बंद. कुंडीत मूठभर बोनमील (हाडांचा चुरा) आणि निंबोळी पेंड मिसळा, पंधरा दिवसांनी एकदा ०:०:५० हे पोटॅशचं खत लिटरभर पाण्यात एक-दोन ग्रॅम. पावसाळ्यात कुंडीखाली विटा ठेवा, भोक बुजलं की कंद कुजतो. जून-जुलैत पांढऱ्या ठिपक्यांच्या काळ्या अळ्या येतात, एका रात्रीत पानं फस्त करतात. संध्याकाळी टॉर्च घेऊन वेचायच्या. पानं कापायची नाहीत, अगदी आडवी पडली तरी. नोव्हेंबरात पाणी तोडा, पानं पिवळी पडली की मगच काढा. जानेवारीअखेर वरची दोन इंच माती बदलून एकदाच भरपूर पाणी. मग कोंब दिसेपर्यंत हात आखडता.

फुलवेडी
सहमत. २२ वाला पुढच्या वर्षी फुलावा, लाल दोघांना आणखी एक वर्ष द्या. कुंडी बदलू नका, अमॅरिलिसला दाटीच आवडते. आणि पान आधी येतंय की दांडा, ते टोकावरून ओळखा. पानाचं टोक पातळ, दांड्याचं जाड आणि भाल्याच्या आकाराचं.

कर्वेनगर_गॅलरी
हे हवं होतं. उद्या सकाळी कुंडी वर नेते. हिरवी जाळी मंडईजवळ सुटी मिळते का, की पूर्ण गुंडाळी घ्यावी लागते?

देवरुखकर
सुटी मिळते, मीटरवर. पन्नास टक्के ऊन अडवणारी मागा, पंच्याहत्तरची घेतलीत तर परत सावलीच होईल.