मुलाच्या इसबावर दिलेले स्टेरॉइडचे मलम सुरक्षितपणे कसे वापरावे? सल्ला हवा आहे

मानेवाड्याची_आई

नमस्कार. आम्ही नागपुरात मानेवाडा भागात राहतो. माझ्या सात वर्षांच्या मुलाला इसब आहे. थंडीचा कोरडेपणा सुरू झाला की कोपराच्या घडीत आणि गुडघ्यांच्या मागे चट्टे उठतात आणि रात्री झोपेत तो रक्त येईपर्यंत खाजवतो. त्वचारोगतज्ज्ञांनी मोमेटासोनचे मलम दिवसातून एकदा आणि मॉइश्चरायझर दिवसभरात तीन-चारदा लावायला सांगितले आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की, स्टेरॉइड एकदा सुरू झाले की सुटत नाही, तेव्हा ते लेकराच्या अंगाला लागताच कामा नये. शेजारच्या काकूंनी मात्र चौकातल्या औषधांच्या दुकानातून एक ट्यूब आणून दिली असून ती खाज, नायटा, जंतू अशा सगळ्यांवर चालते, असे दुकानदाराने त्यांना सांगितले आहे. मलम किती लावावे, किती दिवस लावावे, मॉइश्चरायझर आधी की नंतर, आणि या दुसऱ्या ट्यूबचे काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

काउंटरमागून

ताई, मी औषधनिर्माता आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे निदान किंवा औषध बदलण्याबाबत काही लिहीत नाही. वापराबद्दल मात्र लिहितो, कारण चिठ्ठीवर 'रोज एकदा' एवढेच असते आणि खरी अडचण त्यापुढे सुरू होते.

आधी शेजारच्या काकूंच्या ट्यूबविषयी. तिच्यावरील घटकांची नावे भिंग घेऊन वाचा. क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन, सोबत एखादे प्रतिजैविक आणि एखादे बुरशीनाशक असे एकत्र दिसले, तर ती मुलाला लावू नका. क्लोबेटासोल हे सर्वांत तीव्र गटातले स्टेरॉइड आहे. अशा मिश्रणाने नायट्याची खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आतून पसरत राहते आणि चट्ट्याचे रूप असे बदलते की पुढे तज्ज्ञालाही ते ओळखणे जड जाते. आपल्या देशात सध्या औषधांना दाद न देणारा जो चिवट नायटा घरोघरी दिसतो, त्यामागच्या कारणांत या मिश्र मलमांचा वाटा मोठा मानला जातो. २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायची स्टेरॉइडे शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरीही ती कशी विकली जातात, हे आपण सगळेच पाहतो.

ट्यूबवरील टक्केवारीवरून तीव्रतेचा अंदाज बांधू नये, कारण तिथे बहुतेकांची गफलत होते. एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य औषध आहे आणि ०.०५ टक्के क्लोबेटासोल अतितीव्र. तुमचे मोमेटासोन ०.१ टक्क्याचे असून ते तीव्र गटात मोडते. ते कोपर आणि गुडघ्यांसाठी ठरावीक दिवस देणे ही नेहमीची पद्धत आहे, पण तेच मलम 'उरले आहे' म्हणून मुलाच्या गालाला लावायचे नाही. सगळीकडची त्वचा औषध सारखे शोषत नाही. फेल्डमन आणि मायबाक यांनी १९६७ साली हायड्रोकॉर्टिसोनवर केलेल्या मोजणीत हाताच्या कोपर ते मनगट या भागाच्या तुलनेत कपाळाने सुमारे सहापट औषध शोषले, तर तळपायाने जेमतेम एक सप्तमांश. पापण्या, चेहरा, जांघा आणि काखा यांना वेगळे, सौम्य औषध लागते ते यामुळेच. लंगोट किंवा घट्ट पट्टी यांखाली शोषण आणखी वाढते.

आता प्रमाण. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत ट्यूबमधून मलमाची एक ओळ काढायची. पाच मिलिमीटर तोंडाच्या ट्यूबमधून ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्या माणसाचे बोटांसकट दोन पंजे झाकतील एवढ्या जागेला पुरते. आपल्याकडच्या लहान ट्यूबचे तोंड बरेचदा बारीक असते, म्हणून ओळ किंचित जाड काढावी. मोजताना बोट तुमचे असावे, मुलाचे नव्हे. त्याचे सगळे चट्टे मिळून दोन पंजांएवढे असतील तर रोजचे एक पेर झाले, आणि १५ ग्रॅमची ट्यूब रोज वापरूनही महिनाभर चालायला हवी. ती आठवड्यात संपली तर मलम जास्त जात आहे. उलट रोज लावूनही ती तीन-तीन महिने पुरत असेल, तर भीतीपोटी नुसते बोट फिरवले जात आहे आणि त्यामुळे इसब अर्धवट दबून पुन्हा उसळत आहे, असे समजावे. माझ्या अनुभवात हा दुसरा प्रकार सुशिक्षित घरांत अधिक दिसतो.

दिवसांचे म्हणाल तर लाली, खरखर आणि खाज जाईपर्यंत लावावे. बहुधा एक ते दोन आठवडे लागतात. त्वचा हाताला मऊ लागेपर्यंत थांबावे, केवळ खाज कमी झाली म्हणून दुसऱ्या दिवशी सोडू नये. दोन आठवड्यांत फरक नसेल तर तेच मलम पुढे ओढण्याऐवजी डॉक्टरांकडे परत जावे. दिवसातून एकदाच पुरते. तीव्र मलम दोनदा लावल्याने जास्त गुण येतो असे आढळलेले नाही. मॉइश्चरायझर आधी की नंतर याला पक्का नियम नाही, मात्र दोहोंत वीस-तीस मिनिटांचे अंतर ठेवा, म्हणजे एकाने दुसरे पातळ होत नाही.

आपल्या उन्हाळ्याबद्दलही सांगतो. ४५ अंशांत तेलकट ऑइंटमेंटखाली घाम साचून पुरळ येते, तेव्हा त्या दिवसांत क्रीम चालेल का, ते डॉक्टरांना विचारून घ्यावे. आणि ट्यूब स्कूटरच्या डिकीत ठेवू नये. मे महिन्यात तिच्यातून तेल आणि मलम वेगळे होऊन बाहेर येते.

काटोल_रोड

वरील माहिती उत्तम आहे. त्यात एक भर घालतो. माझ्या वडिलांचा काटोलकडे संत्र्याचा बगीचा आहे. त्यांच्या पापण्या, मान आणि कोपराच्या घड्या दर पावसाळ्यानंतर सुजून काळ्या पडत. एका ठिकाणी त्यांना दरवेळी मलमच लिहून मिळे आणि ते पापण्यांनाही लावले जाई. पुढे मेडिकलच्या (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या) त्वचारोग विभागात पॅच टेस्ट झाली, तेव्हा गाजरगवताची ॲलर्जी निघाली. बांधावरचे गवत फुलोऱ्यापूर्वी दुसऱ्या कुणाकडून काढून घेणे, शेतात पूर्ण बाह्यांचा सदरा घालणे आणि घरी येताच तोंड-हात धुणे, एवढ्याने मलमाची गरज बरीच घटली. पापण्यांवर दीर्घकाळ स्टेरॉइड लावल्याने डोळ्यांतला दाब वाढू शकतो आणि मोतीबिंदूही होऊ शकतो, म्हणून त्यांचे डोळेही तपासून घेतले. कारण समोर असताना नुसते मलम चोळत बसण्यात अर्थ नाही, एवढेच माझे म्हणणे.

बर्डीवरून

मुलाचा विषय आहे हे मान्य, तरी घरातल्या मोठ्यांसाठी लिहिते. वांगासाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि स्टेरॉइड असे तिन्ही असलेले क्रीम डॉक्टर थोड्या आठवड्यांपुरते देतात. अनेक मुली तेच गोरेपणाचे क्रीम म्हणून वर्षानुवर्षे लावतात. मग चेहरा लाल होतो, रक्तवाहिन्यांचे जाळे दिसू लागते, पुटकुळ्या आणि लव वाढते, आणि क्रीम थांबवले की जळजळ सुटते. त्या ट्यूब मुलाच्या हाती लागणार नाहीत, अशा ठेवाव्यात.

मानेवाड्याची_आई

सर्वांचे आभार. ती ट्यूब बाजूला काढली. तिच्यात क्लोबेटासोल, जेंटामायसिन आणि मायकोनाझोल आहे. सासूबाईंचा प्रश्न उरतोच की, त्याची सवय लागते का? आणि जिथे चट्टे होते तिथे कातडी पांढुरकी दिसते, ती मलमाने झाली का?

काउंटरमागून

त्यांची शंका अगदीच निराधार नाही. तीव्र मलम महिनोन्‌महिने, विशेषतः चेहऱ्यावर, रोज लावून एकदम सोडले तर आग आणि लाली उसळते. सोरायसिसमध्ये अशा अचानक थांबण्याने पू-फोडांचा गंभीर प्रकारही होऊ शकतो. पण ठरावीक जागी, मोजून, एक-दोन आठवडे लावून थांबणे याला सवय म्हणत नाहीत. इसब पुन्हा आले तर तो त्या आजाराचा स्वभाव आहे. वारंवार येत असेल तर चट्टा बरा झाल्यावर त्याच जागी आठवड्यातून दोनच दिवस मलम लावण्याची पद्धत आहे. त्याने पुनरावृत्ती कमी होते. टॅक्रोलिमससारखे स्टेरॉइड नसलेले मलमही असते, त्याने सुरुवातीला थोडी आग होते. यांपैकी काय योग्य, हे डॉक्टरांना विचारा.

पांढुरकेपणा बहुतेक वेळा इसब ओसरल्यावर मागे राहणारा फिकटपणा असतो आणि तो काही महिन्यांत भरून येतो. त्वचा पातळ, चकचकीत झाली, आतल्या शिरा दिसू लागल्या किंवा ताणाच्या रेषा पडल्या, तर मात्र ते मलमामुळे असू शकते. या रेषा कायम राहतात, तेव्हा असे काही दिसताच डॉक्टरांना दाखवावे.

चट्टे ओले होऊन त्यांवर पिवळी खपली धरली तर जंतुसंसर्ग असू शकतो. मलमाचा थर वाढवत न बसता दाखवून घ्यावे. आणि ताप येऊन सारख्या आकाराचे, दुखणारे बारीक फोड एकाच जागी झुपक्याने उठले, तर तो नागिणीच्या कुळातल्या विषाणूचा संसर्ग असू शकतो. तेव्हा सकाळच्या ओपीडीची वाट न पाहता त्याच दिवशी, गरज पडल्यास रात्रीसुद्धा, मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या आकस्मिक विभागात मुलाला न्यावे.