लिझार्डची पांढरी टोकं आणि लंडन फॅन्सी

एकाने विचारलंय की लिझार्ड कॅनरीच्या (कॅनरी या पाळीव पक्ष्याची एक जात) पंख-शेपटीची टोकं दुसऱ्या वर्षी पांढरी पडली, हा आजार तर नाही ना? अजिबात नाही. पहिल्या पीसगळीत पिल्लू फक्त अंगावरची पिसं टाकतं. पंखांची आणि शेपटीची मोठी पिसं तशीच राहतात, काळीभोर. दुसऱ्या वर्षी तीही गळतात आणि नवीन येतात ती पांढऱ्या टोकांची. प्रदर्शनात पक्षी शोभतो तो तेवढ्याच हंगामात. म्हणून मुरलेली मंडळी शेपटीला हातही लागू देत नाहीत. एखादं पीस उपटलं गेलं तर नवीन येतं ते पांढरं टोक घेऊनच, आणि परीक्षकाच्या नजरेतून ते सुटत नाही. जोडी लावायला मात्र असे पक्षी खुशाल घ्या. गोल्डला (सोनेरी छटेच्या लिझार्डला) सिल्व्हर (रुपेरी छटेचा), हा जुना शिरस्ता.

राहिली ‘लिझार्डपासून लंडन फॅन्सी परत आणू’ ही कुणीतरी केलेली सूचना. लंडन फॅन्सी ही इंग्लंडातली कॅनरीची जात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच संपली. पिवळंधमक अंग, काळे पंख, आणि तो थाटही एका वर्षापुरताच! युरोपात काही हौशी लोक खटपट करताहेत, तसे दिसणारे पक्षी निघालेतही. पण त्यांना जुनं नाव द्यायला मी तरी तयार नाही.