पार्श्वसंगीत शेवटाकडे चित्राच्या मागे पडते : चूक कोठे शोधावी?

प्रश्न

नमस्कार. अठरा मिनिटांच्या एका मराठी लघुपटाचे पार्श्वसंगीत मी घरच्या संगणकावर रीपर या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये केले आहे. संकलकाने दिलेल्या व्हिडिओवर टाइमकोड (प्रत्येक फ्रेमचा तास-मिनिट-सेकंद-फ्रेम असा क्रमांक) छापलेला होता आणि त्या व्हिडिओबरोबर ऐकले असता प्रत्येक ठोका जागच्या जागी पडतो. अंतिम मिक्सिंगसाठी मी पूर्ण लांबीचे सलग स्टेम (वाद्यगटांनुसार वेगळ्या केलेल्या ध्वनिफाइली) पाठवले. तेथे ते चित्राखाली लावले तेव्हा सुरुवात बरोबर होती, मध्यावर थोडा उशीर जाणवला, आणि शेवटच्या प्रसंगात, जेथे दार आपटताक्षणी हलगी सुरू व्हायला हवी, तेथे ती चांगली सेकंदभर उशिरा वाजते. संवाद मात्र अचूक आहेत. दोन्हीकडचा सॅम्पल रेट (दर सेकंदाला घेतलेल्या ध्वनिनमुन्यांची संख्या) ४८ किलोहर्ट्झ आहे आणि चित्रावरचा टाइमकोडही फ्रेम न फ्रेम जुळतो. संगीत जागोजागी कापून पुढे सरकवावे, असे तेथून सुचवण्यात आले आहे. तसे करावे का?

पहिला प्रतिसाद

कापाकापी करण्यापूर्वी ही चूक मोजून घ्यावी. संगीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच अंतराने मागे असेल, तर दोष ब्लूटूथ हेडफोन, टीव्हीची चित्रप्रक्रिया किंवा एएसी या स्वरूपात ध्वनी संक्षिप्त करणाऱ्या एन्कोडरने आरंभी भरलेली रिकामी जागा यांपैकी कशाचा तरी असतो आणि एकदाच सरकवून तो दूर होतो. आपल्याकडे अंतर वाढत चालले आहे, म्हणजे कोणाचा तरी वेग वेगळा आहे. कोणाचा, हे त्या अंतराच्या आकारावरून बहुतेक वेळा कळते. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ समजून वाजवली गेली, तर वेग सुमारे ८.८ टक्क्यांनी वाढतो आणि काळी एकमधील रचना पांढरी दोन आणि काळी दोन यांच्यामध्ये कोठेतरी लटकते. ते कोणाच्याही कानातून सुटणार नाही. सेकंदाला २४ फ्रेमचे चित्र २५ने चालवले गेले असते, तर अठरा मिनिटांत ४३ सेकंदांचा फरक पडला असता. आपला फरक त्या मानाने फारच लहान आहे. तीन-चार स्पष्ट जागा निवडून प्रत्येक ठिकाणी संगीत किती फ्रेम मागे आहे ते लिहावे. चित्रीकरण कोणत्या फ्रेम रेटने झाले, तेही कळवावे.

प्रश्नकर्ता

मोजले. पहिल्या ठोक्याला फरक नाही, दहाव्या मिनिटाला १४ फ्रेम आणि अगदी अखेरीस २६ फ्रेम. चित्रीकरण आणि संकलन २३.९७६चे आहे. मिक्सिंगच्या ठिकाणी चित्रपटगृहात दाखवण्यासाठीच्या डीसीपी या डिजिटल प्रतीच्या हिशेबाने २४चे चित्र लावले होते आणि संवाद त्यांनी त्या चित्राला जुळवून घेतले होते. मात्र २३.९७६ म्हणजे व्यवहारात २४च, असे मी धरून चाललो होतो.

दुसरा प्रतिसाद

उत्तर येथेच आहे. २३.९७६ म्हणजे २४ला १.००१ने भागून येणारी संख्या. अमेरिकेत १९५३ साली रंगीत दूरचित्रवाणीसाठी फ्रेम रेट किंचित कमी करण्यात आला, त्याचे हे अवशेष. आपल्याकडची दूरचित्रवाणी २५ फ्रेमची असल्यामुळे आपला त्याच्याशी खरे तर संबंध नाही, पण बऱ्याच कॅमेऱ्यांच्या मेनूत ‘२४’ या नावाखाली २३.९७६च मिळतो आणि मग तो शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. आपले चित्र एकही फ्रेम न गाळता २४ने चालवले गेले, म्हणून ते एक हजारांश भागाने जलद झाले. दहा मिनिटांत ०.६ सेकंद म्हणजे सुमारे १४ फ्रेम, अठरा मिनिटांत १.०८ सेकंद म्हणजे सुमारे २६ फ्रेम. आपले मोजमाप याच्याशी तंतोतंत जुळते.

टाइमकोडने आपली फसगत केली, त्याचे कारण असे की टाइमकोड फ्रेम मोजतो, वेळ मोजत नाही. २३.९७६ आणि २४ या दोन्हींत तो चोविसाव्या फ्रेमनंतर सेकंदाचा आकडा बदलतो, त्यामुळे प्रत्येक फ्रेमवर दोन्हीकडे एकच आकडा दिसतो. पण २३.९७६च्या टाइमकोडचा एक तास घड्याळाच्या ३६०३.६ सेकंदांचा असतो. स्टेमची लांबी सॅम्पलमध्ये, म्हणजे खऱ्या वेळेत ठरलेली असल्याने चित्र जलद झाले तरी ते आपल्या मूळ वेगानेच वाजत राहतात.

उपाय एकच: सर्व स्टेम १.००१ पट वेगाने चालवून नव्याने रेंडर करावेत, म्हणजे नव्या फाइली तयार कराव्यात. रीपरमध्ये आयटमचा (ट्रॅकवरच्या ध्वनितुकड्याचा) प्लेबॅक रेट १.००१ करून स्वर कायम ठेवण्याचा पर्याय बंद करावा. कापून सरकवण्याच्या सूचनेशी मी सहमत नाही, कारण प्रत्येक तुकड्याच्या आत चूक तशीच वाढत राहते. दोन मिनिटांच्या तुकड्याअखेर ती जवळजवळ तीन फ्रेम होते, आणि बासरीचा लांब सूर मध्येच कापावा लागला तर सांधा ऐकू येतो तो वेगळाच.

तिसरा प्रतिसाद

निदान पटले, परंतु स्वर कायम ठेवण्याचा पर्याय का बंद करायचा? वेग बदलला की सूर चढणार. शिवाय रचनेचाच टेम्पो ९२ऐवजी ९२.०९२ करून पुन्हा रेंडर केले, तर प्रश्नच उरत नाही.

दुसरा प्रतिसाद देणारे

सूर चढेल तो १.७ सेंट, म्हणजे एका अर्धस्वराच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी. तो कोणाला ऐकू येणार नाही. उलट सूर न बदलता लांबी बदलणारी प्रक्रिया हलगीच्या टिपरीसारख्या धारदार आघातांना बोथट करते आणि ते मात्र लगेच ऐकू येते. टेम्पो बदलण्याचा मार्ग केवळ मिडीवर, म्हणजे ध्वनीऐवजी स्वरांच्या सूचना साठवून संगणकाकडून वाजवल्या जाणाऱ्या वाद्यांपुरता उत्तम आहे. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रित केलेली बासरी आणि हलगी नव्या टेम्पोबरोबर आपोआप जुळत नाहीत, त्यांना ताणावे किंवा दाबावेच लागते. मिडी आणि ध्वनिमुद्रण एकाच रचनेत असतील, तर तयार स्टेमवर एकदाच क्रिया करणे अधिक सुरक्षित.

पुढच्या कामासाठी संकलकाकडे चित्र सुरू होण्याच्या बरोबर दोन सेकंद आधी एका फ्रेमचा पॉप (जुळणी तपासण्यासाठीचा छोटा ‘बीप’ आवाज) आणि चित्र संपल्यानंतर तसाच दुसरा पॉप मागून घ्यावा. आरंभीचा पॉप सगळेच देतात, अखेरचा मात्र बरेच जण गाळतात, आणि अशी वेगाची चूक पकडतो तो नेमका अखेरचाच. दोन्ही पॉप आपल्या स्टेमवरही ठेवावेत.

प्रश्नकर्ता

स्टेम १.००१ने रेंडर करून पाठवले आणि हलगी दारावर आली. आता जुने स्टेम काढून टाकू का?

पहिला प्रतिसाद देणारे

मुळीच नको. हा लघुपट पुढे एखाद्या ओटीटीला २३.९७६मध्येच द्यावा लागला, तर तेथे जुनेच स्टेम लागतील. दोन्ही संचांच्या फाइलनावांत फ्रेम रेट लिहून ठेवावा, आणि श्रेयनामावलीवरचे गाणे स्वतंत्रपणे प्रसिद्ध करणार असाल तर त्यासाठीही मूळ वेगाचीच प्रत वापरावी.