मल्चिंगवरची भेंडी रानाच्या खालच्या अंगाला पिवळी पडतीय, ठिबक किती वेळ चालवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. हातकणंगले तालुक्यात माझं 20 गुंठे रान आहे, काळं, भारी, म्हणजे पाणी धरून ठेवणारं. आजवर ऊसच केला, यंदा पहिल्यांदाच फेब्रुवारीत मल्चिंगवर (बेडवर प्लास्टिकचा पेपर अंथरून) भेंडी लावलीय. 4.5 फुटावर बेड, 30 मायक्रॉनचा सिल्व्हर-काळा पेपर, बेडवर एकच इनलाइन नळी, 40 सेंमीवर ताशी 4 लिटरचा ड्रिपर. उगवण झकास झाली, तण तर नाहीच, आई रोज सकाळी चक्कर मारून भेंडीचंच कौतुक सांगायची.

आज 38 दिवस झाले, फुलं लागायला लागलीत आणि नेमकं आता उताराकडच्या 5-6 बेडांची झाडं खुरटल्यागत दिसायला लागलीत. खालची जुनी पानं पिवळी होऊन गळतात. आधी वाटलं केवडाच (पानं पिवळी करणारा विषाणू रोग) आला, पण केवड्यात शिरा पिवळ्या पडतात आणि ते कोवळ्या पानावर आधी दिसतं ना, इथं शेंडा हिरवा आहे आणि चिकट सापळ्यावर तो रोग पसरवणारी पांढरी माशीही फार नाही.

काल एका झाडाजवळ पेपर फाडून हात घातला तर नुसता चिखल, बोटाला चिकटून येतोय, वास पण कुबट. झाड उपटलं तर बारीक मुळ्या तपकिरी, चिमटीत धरल्यावर साल सुटून आली. वरच्या अंगाला तेच केलं तर छान वाफसा (माती ओलसर पण मोकळी), मुळ्या पांढऱ्याशुभ्र.

चूक माझीच असणार. लाईट रात्रपाळीची असली की ऑटो स्टार्टरवर मोटर आपोआप चालू होते आणि मी सकाळी जाऊन बंद करेपर्यंत ठिबक 4-5 तास चालतं. हिशोब केला तर 20 गुंठ्यात साधारण 3,600 ड्रिपर, म्हणजे तासाला 14 हजार लिटरच्या वर पाणी, आणि पेपरमुळं ते उडून पण जात नाही. वरनं पेपर कोरडा दिसतो, आत काय चाललंय ते कळतच नाही. तांब्या लावून 5 मिनिटं पाणी मोजलं, वरच्या टोकाला 300 मिली, खाली 370. उताराला प्रेशर जास्त बसतंय.

दोन दिवस पाणी पूर्ण बंद ठेवलंय. आता भारी रानात या वयाच्या भेंडीला रोज थोडं द्यावं का एक दिवसाआड, आणि किती मिनिटं? खालच्या बेडांना वेगळा कॉक बसवू का? तिथला पेपर कडेनं उचलून हवा लागू दिली तर मुळ्या परत फुटतील का, का ऊन लागून उरलेली पण जातील? ट्रायकोडर्मा (मूळकुजीवरची मित्रबुरशी) ठिबकमधनं आत्ता सोडू का वाफसा आल्यावर? 19:19:19 हे विद्राव्य खत सध्या थांबवलंय, बरोबर केलं ना?

आठवड्यात पहिला तोडा येईल, ज्यांनी भारी रानात मल्चिंगवर भेंडी काढलीय त्यांनी प्लीज लवकर सांगा. फोटो संध्याकाळी टाकतो.