आयटीत मास्टर्स करायचं तर नागपूर सोडायलाच पाहिजे काय?

अंबाझरीकर
धाकटा भाऊ आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एम.टेक.ची प्रवेश परीक्षा गेट पास झाला, पण इथल्या व्हीएनआयटी या केंद्र सरकारच्या इंजिनीअरिंग कॉलेजात नंबर लागेल असा स्कोअर नाही. रविवारी तर्री-पोहे समोर असताना घरात यावरून वाजलं. बाबा म्हणतात पुणे, मामा म्हणतात जर्मनी. ज्याला शिकायचं तो मान खाली घालून तर्री ओढत होता.

माझं मत मांडतो, झोडा. इथल्याच एखाद्या चांगल्या कॉलेजात एम.टेक. करावं. गेट पास झालेल्याला एआयसीटीईकडून, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेकडून, महिन्याला १२,४०० रुपये मिळतात, २४ महिने. मान्यताप्राप्त खाजगी कॉलेजातही मिळतात, हे निम्म्या पोरांना माहीतच नसतं. म्हणजे जवळजवळ तीन लाख, आणि वर घरचं जेवण. नोकरीचं म्हणाल तर विमानतळाजवळच्या मिहान या उद्योगवसाहतीत टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत. तीच डिग्री घ्यायला पुण्याला खोलीभाडं काहून भरायचं?

इतवारीचा_कोथरूडात
भाऊ, तुम्ही हिशोब बरोबर करून राहिले, पण चुकीच्या वस्तूचा. मिहानमध्ये कंपन्या आहेत, मान्य. पण एम.टेक.वाल्याला तिथे बी.ई.वाल्यापेक्षा वेगळं काम मिळते का, हे आधी विचारा. मी पुण्यात मास्टर्स केलं. कॉलेज यथातथाच होतं, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या वर्षाची इंटर्नशिप कॉलेजपासून बसच्या अंतरावर मिळाली आणि तिथेच चिकटलो. ते भाडं मी नोकरी शोधायचा खर्च म्हणून धरतो.

अंबाझरीकर
म्हणजे कॉलेज यथातथाच, हे तुम्हीच म्हणता. मग त्याची फी पण नोकरी शोधायचा खर्चच का?

इतवारीचा_कोथरूडात
हो. महागात पडलं, पण पडलं बरोबर जागी.

शिकवणारी_ताई
मी एम.टेक.ला शिकवते, कॉलेजचं नाव सांगत नाही. तुम्ही दोघं शहरावरून भांडताय आणि अभ्यासाचा शब्द नाही. एम.टेक.चं दुसरं वर्ष म्हणजे प्रबंध, आणि प्रबंध म्हणजे गाइड, तो करून घेणारे सर. खाजगी कॉलेजांत एम.टेक.च्या जागा रिकाम्या राहतात. वर्गात चार पोरं, त्यातली दोन कुठे तरी नोकरी करणारी, आणि सर बी.ई.च्या तासांत अडकलेले. हे नागपुरात आहे तसंच पुण्यातही आहे.

म्हणून माहितीपुस्तिका बाजूला ठेवा आणि कॉलेजच्या लायब्ररीत जा. मागच्या दोन-तीन वर्षांचे प्रबंध मागा. शीर्षकं पाहूनच अर्धं कळतं: 'मशीन लर्निंग वापरून अमुक ओळखणे', पुढच्या वर्षी तेच, फक्त अमुकच्या जागी तमुक. मग डेटा कुठला वापरला ते पाहा. सगळ्यांनी इंटरनेटवरून उतरवलेला तोच तो डेटा असेल तर समजून घ्या. लॅबमध्ये मशीन लर्निंगला लागणारं जीपीयूचं ताकदवान मशीन आहे का, हे सगळेच विचारतात. त्याची किल्ली कुणाकडे असते, ते विचारा.

आणि दादा, ते १२,४०० प्रवेश घेतल्याबरोबर हातात पडत नाहीत. कॉलेजनं पोर्टलवर नाव चढवावं लागतं, मग दर महिन्याला हजेरी पाठवावी लागते. माझ्या भाच्याच्या कॉलेजात ते काम पाहणारा माणूस बदलला आणि पैसे पाच महिने अडकले. 'घरचं जेवण' हा मुद्दा तिथे मात्र कामी आला!

जुना_व्हीआरसीई
आमच्या वेळी व्हीएनआयटीला व्हीआरसीई म्हणत, त्यामुळे माझं वय काढू नका. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, हे विसरले काय? २०२४पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपरही आहे. पोराला एक वर्ष नोकरी करू द्या, परत बसवा. एवढ्यात हार कशाला?

अंबाझरीकर
काका, नोकरी करता करता गेटचा अभ्यास करणारे मी बरेच पाहिले. करून राहिले होते, असं नंतर म्हणतात.

म्युनिकहून
मामांच्या बाजूनं कोणी नाही, म्हणून मी लिहितो. 'जर्मनीत फुकट' असं लोक म्हणतात, ते अर्धंच खरं. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, पण बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना २०१७पासून सत्राला १,५०० युरो भरावे लागतात, आणि आमच्या म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही २०२४पासून फी सुरू केली. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो दाखवावे लागतात. ही फी नाही, महिन्याला ९९२ असे तुमचेच पैसे तुम्हाला खर्चायला परत मिळतात. पण घरून निघायच्या आधी ते जमवावे लागतात, तिथेच कंबर मोडते. भारतातल्यांना एपीएसचं, म्हणजे शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचं, प्रमाणपत्रही लागतं.

सगळ्यात महत्त्वाचं: इथे गुणपत्रिकेतले विषय मोजतात. गणित किती, अल्गोरिदम किती, थिअरी किती. आयटीच्या पदवीत थिअरी कमी पडली की चांगले मार्क असूनही नकार येतो. माझे पहिले चार नकार असेच आले. मामांना विचारा, भाच्याची गुणपत्रिका त्यांनी पाहिली का.

इतवारीचा_कोथरूडात
मामा लोक गुणपत्रिका पाहत नसतात. फक्त विमानतळावर सोडायला येतात.

बीसीए_वाली
एम.टेक. एम.टेक. काय लावलंय बाप्पा! आमच्यासारख्या बीसीएवाल्यांचं मास्टर्स म्हणजे एमसीए, कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्सचं. २०२०पासून ते दोनच वर्षांचं झालं, सीईटी देऊन मिळतं. प्रबंधाचा डोंगर नाही, शेवटच्या सत्रात सरळ कंपनीत प्रोजेक्ट.

शिकवणारी_ताई
तुझं तुझ्यापुरतं बरोबर आहे, पण यांच्या भावाकडे बी.ई. असणारच आहे. नोकरीच हवी असेल तर त्याला आणखी एका डिग्रीची गरज आहे का, हा प्रश्न बाकी आहे. दादा, त्याला नक्की काय शिकायचंय, ते तुम्ही लिहिलंच नाही.

अंबाझरीकर
लिहिलं नाही कारण विचारलं नव्हतं. काल विचारलं. नेटवर्क सिक्युरिटी म्हणे.

ताईंचं ऐकून शनिवारी आम्ही दोघं इथल्या दोन लायब्रऱ्यांत गेलो. एकीकडे प्रबंध दाखवायलाच नकार, वर 'कशाला पाहिजे?' अशी उलट चौकशी. दुसरीकडे सात प्रबंध पाहायला मिळाले. पाच अगदी ताई म्हणाल्या तसे. दोघांनी कॉलेजच्याच नेटवर्कवरची रहदारी मोजून काम केलेलं, आणि दोघांचे गाइड एकच. ते सर अजून तिथेच आहेत. भाऊ उभ्या उभ्या तासभर वाचत होता. मी बाहेर येऊन दोन चहा घेतले.

माझं मत नागपूरचंच आहे, पण आता एकाच कॉलेजपुरतं. मंगळवारी सरांची वेळ मिळाली आहे. मामांना अजून कळवलं नाही.