लाव्ह्यांची अंडी : मशीनवरच्या आकड्यावर जाऊ नका

कोंबडीची ५० अंडी मावणाऱ्या उबवणी मशीनमध्ये (इन्क्युबेटरमध्ये) लाव्ह्यांची (क्वेलची) किती अंडी बसतील, असं एकाने विचारलंय. जपानी लाव्हीचं अंडं जेमतेम १०-१२ ग्रॅमचं, त्यामुळे बारीक खाचांचा ट्रे टाकला तर दुपटीहून जास्त सहज मावतात. कोंबडीच्याच ट्रेमध्ये ठेवलीत तर फिरवताना इकडेतिकडे लोळतात, तडे जातात.

पण माझ्या मते खरी क्षमता ट्रेवर नाही, तळावर ठरते. चौदाव्या-पंधराव्या दिवशी फिरवणं थांबवून अंडी तळाच्या जाळीवर आडवी ठेवायची, सतराव्या-अठराव्या दिवशी पिल्लं निघतात. तिथे दाटी झाली की आधी निघालेली पिल्लं बाकीची अंडी लोळवत सुटतात. गुळगुळीत प्लॅस्टिकवर तर पाय फाकतात आणि पिल्लू कायमचं अधू होऊ शकतं, म्हणून खाली खडबडीत जाळी हवीच. पिल्लांच्या पिण्याच्या पाण्याच्या भांड्यात खडे टाका. अंगठ्याएवढं पिल्लू चमचाभर पाण्यातही बुडतं.

दर आठवड्याला नवी अंडी त्याच मशीनमध्ये घालू नका. शेवटच्या तीन दिवसांत आर्द्रता ६५-७० टक्के लागते, आधी ५०च्या आसपास. दोन्ही एकत्र जमत नाही. आणि ब्रूडरमध्ये (पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीत) जेवढी पिल्लं ऊब घेऊ शकतील, तेवढीच अंडी लावा.